बर्फ शाबूत आहे

आमच्या सरांना कुणी पहिल्यांदा भेटलं की नमस्कार व्हायच्या आधी ते त्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघत. आतली बाजू लाल दिसली तर “बसा” म्हणत. फिकी दिसली तर बसायला न सांगता आधी जेवणाखाण्याची चौकशी करत. आयुष्यभर गायी तपासून लागलेली ही सवय होती. गोचीडतापात जनावराचं रक्त आतल्या आत नासत जातं आणि ते आधी पापणीत कळतं. पण पापणी गायीची की माणसाची, हे सर विसरून जात. दूध संघाच्या वार्षिक सभेत त्यांनी चेअरमनसाहेबांची पापणी ओढली आणि समोरच्या माइकमध्ये सांगून टाकलं, “साहेबांच्या अंगात रक्त भरपूर आहे. सभासदांनी काळजी करू नये.” सभा पोट धरून हसली होती.

माझी पापणी त्यांनी मुलाखतीत ओढली. मी खर्ड्याकडची. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला निघायचे, आणि सातवीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर कारखान्याकारखान्यावर फिरले. पुढं वसतिगृह मिळालं म्हणून शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. संगमनेरजवळच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत जागा आहे असं कळलं, तेव्हा मी सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून भल्या सकाळी एसटीत बसले. सरांनी ती पिशवी उघडलीसुद्धा नाही.

“गोचीड हातानं काढलेत कधी?” त्यांनी विचारलं.

“हो सर. ऊसतोडीला कोपीवर, झोपडीपाशी, बैलांचे रोज काढायचे.”

“काढून काय करायचात?”

“चुलीत टाकायचो.”

“चिरडत नव्हतात?”

“कधी कधी चिरडायचो.”

“चिरडून काही होत नाही. हात माखतो, आणि चिरडणाऱ्याला वाटतं आपण सूड घेतला. आपल्याला सूड घ्यायचा नाही, बाई. आपल्याला लस करायची आहे.” मग ते उठून माझ्याजवळ आले आणि पापणी ओढून बघितली. “तुमच्या डोळ्यात रक्त नाही. उद्यापासून यायचं. दुपारचा डबा इथं, माझ्यासमोर खायचा.”

मी तेव्हा बाविशीतली पोर होते. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं ते सरांनी. ते सगळ्यांनाच तसं म्हणत, झाडलोट करणाऱ्या मुलीलाही. पहिले काही महिने माझ्या टेबलावर रोज गूळ-शेंगदाण्याची पुडी ठेवलेली असायची. ती कोण ठेवतं हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मी काचपट्टीवर रक्त कसं पसरायचं ते शिकले, जांभळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले परजीवी ओळखायला शिकले. आज मी जे काही कमावते ते त्या शिकण्यावर. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मी सरांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी उपकार विसरले.

सरांच्या शर्टाच्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची बाटली असे, आणि त्या बाटलीत गोचीड. तोंडाला कापसाचा बोळा, म्हणजे त्यांना हवा मिळावी. एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठंही ते बाटली काढून उजेडात धरून बघत. “बघा, दिवाळीपासून उपाशी आहे आणि अजून चालतोय,” असं शेजारच्या अनोळखी माणसाला कौतुकानं सांगत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “गोचीड उपाशी थांबू शकतो, गोठा थांबू शकत नाही. म्हणून दर वर्षी गोचीड जिंकतो.” चेअरमनसाहेबांच्या पुतणीच्या लग्नात, ऐन पंगतीत, तो बोळा निघाला. नवरदेवाच्या मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून एक टपोरा गोचीड खांद्याकडं निघालेला मी पाहिला. सर ताटावरून उठले, मामांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि आशीर्वाद द्यावा तसा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी वळून त्यांना वाकून नमस्कार केला. बसमध्ये परत येताना सर म्हणाले, “चांगला माणूस आहे. पापणी बघायची राहिली.”

प्रयोगशाळा म्हणजे दूध संघाच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत चंद्री राहायची.

चंद्री ही मूळची गाय. जामखेडकडच्या एका चारा छावणीत सरांना ती सापडली होती. दुष्काळात छावणीत जनावरं अंगाला अंग लावून बांधलेली, त्यामुळं एकीचे गोचीड दुसरीवर आणि तापाची साथ लागलेली. संकरित गायी भराभर जात होत्या. चंद्रीला ताप आला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, पण ती मरेना. सरांनी त्या गाठीत सुई घालून पाणी काढलं आणि ते घेऊन आले. या रोगाचा परजीवी रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीला असं काही वेड लावतो की ती वाढतच राहते, बाटलीतसुद्धा. छावणी उठली, चंद्री बाजारात विकली गेली, पुढं तिचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. पण तिच्या पेशी आमच्या बाटल्यांत जिवंत होत्या. दर काही दिवसांनी जुन्या बाटलीतलं थोडं नव्या बाटलीत घालायचं, विरजण लावतात तसं. असं वर्षानुवर्षं करत राहिलं की परजीवी बाटलीला सरावतो, माणसाळतो. मग तो गायीला टोचला तर ताप आणत नाही, पण गायीचं शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुढं खरा गोचीडताप आला तर गाय झुंजून उठते.

“आयतं खाणारा लढायचं विसरतो,” सर म्हणायचे. “हे आपल्या संचालक मंडळाला सांगू नका.”

रोज सकाळी आल्यावर सर आधी त्या बाटल्यांना “काय चंद्रे” म्हणत आणि मग कोपऱ्यातल्या द्रव नायट्रोजनच्या जारकडं वळत. पुरेशी माणसाळलेली चंद्री कुप्यांत भरून त्या जारमध्ये गोठवून ठेवलेली होती. जारचं झाकण काढलं की धूर येई. सर त्यात एक लाकडी पट्टी बुडवत, बाहेर काढून हवेत हलवत. जिथपर्यंत पट्टीवर पांढरं दव धरे तिथपर्यंत आत नायट्रोजन. तो संपला तर आतलं सगळं मेलं. पट्टी खिशातल्या रुमालानं पुसून ते खुंटीला लावत, आणि तोवर कुणाशी बोलत नसत. चहासुद्धा त्यानंतर.

सगळ्या जिल्ह्यात मात्र सर वेगळ्याच नावानं माहीत होते. बर्फवाले डॉक्टर.

ते सरकारी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. लाळ्या-खुरकुताच्या लसीचे कर्मचारी थर्मासमध्ये बर्फ घालून गावोगाव फिरत. ती लस गरम झाली की वाया जाते. सर कुठल्याही बांधावर अचानक उगवत आणि एक शब्द न बोलता थर्मासचं झाकण काढून मनगटापर्यंत हात आत घालत. बर्फ असला तर हात पुसून निघून जात. नसला तर त्या माणसाची शंभरी भरली. ही मोहीम त्यांनी नोकरी संपेपर्यंत चालवली. निवृत्तीनंतर दूध संघात आले तरी हात घालायची खोड गेली नाही. आइस्क्रीमच्या गाडीवाल्याच्या पेटीत हात घातलेला मी स्वतः बघितला आहे.

या मोहिमेतली सगळ्यात गाजलेली गोष्ट अण्णांची. अण्णा हे आमच्याकडचे लस टोचणारे. रोजंदारीवरच, पण जनावराला सुई लागल्याचं कळू न देणारा हात. पठारावरच्या एका वस्तीवर राहायचे. त्यांच्या तरुणपणी, एका भर उन्हाळ्यात, त्यांच्या थर्मासमधला बर्फ वितळला होता आणि नेमके सर उगवले. सरांनी हात घातला. आत कोमट पाणी. गावची सगळी माणसं जनावरं धरून उभी. सरांनी थर्मास उलटा करून सगळी लस मातीत ओतली, आणि अण्णांना म्हणाले, “हे विष घेऊन फिरण्यापेक्षा गुरं राखा.” मग अण्णांना जीपमध्ये न घेता निघून गेले. अण्णा तालुक्यापर्यंत चालत आले.

ही गोष्ट मला स्वतः अण्णांनीच सांगितली, आणि हसत सांगितली. “तवापास्नं ताई, माझ्या थर्मासात बर्फ न्हाई असं एकदाबी झालं न्हाई. पोरीच्या लग्नाच्या दिवशी लशीचा फेरा हुता, तवाबी बर्फ भरून मगच मांडवात गेलो. लम्पीच्या टायमाला तर वाटंत बर्फाची फॅक्टरी बंद हुती, मासळीवाल्याकडनं घेतला. लशीला वास लागला, पर गार ऱ्हायली.” मग सरांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, “या मान्सानं मला मानूस केलं.”

सर तेव्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

वर्षानुवर्षं कागद फिरवल्यावर चंद्रीची लस गोठ्यात देऊन बघायची परवानगी आली. दोन वस्त्या ठरल्या. एक खाली नदीकाठची, दुसरी पठारावरची, अण्णांची. एकाच दिवशी दोन्हीकडं टोचायचं होतं. खालच्या वस्तीवर सर आणि मी गेलो. वरच्या वस्तीवरच्या सगळ्या गायी अण्णांच्या ओळखीच्या, म्हणून तिकडं अण्णा एकटे मोटरसायकलवर गेले. सरांनी त्यांना लहान जार दिला, आणि बजावलं की कुपी जारमधून काढली, कोमट पाण्यात वितळवली, की लगेच टोचायची. तासाभराच्या आत. जार कलंडू द्यायचा नाही. अण्णा “व्हय सर, व्हय सर” करत होते.

खाली आम्ही दर गोठ्यात जार उतरवून घ्यायचो, एक कुपी काढायची, वितळवायची, टोचायची, पुढं. सर त्या दिवशी नवरदेवासारखे चालत होते. प्रत्येक गायीच्या कानात काहीतरी सांगत होते. काय ते मी विचारलं नाही. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. “सगळं झालं सर. एकबी गाय ऱ्हायली न्हाई.” सरांनी त्या दिवशी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

पावसाळा संपला, गोचीड वाढले. खालच्या वस्तीवर गायींच्या अंगावर गोचीड होते, आजूबाजूच्या गावांत ताप होता, पण टोचलेल्या गायींतली एकही पडली नाही. मी रोज त्यांच्या रक्ताच्या काचा बघत होते आणि रोज मनातल्या मनात पेढे वाटत होते.

मग पठारावरून निरोप आला. एक गाय गेली. मग दुसरी. मग अण्णांची स्वतःची गेली.

आम्ही वर पोचलो तेव्हा मार्थामावशी ओट्यावर बसल्या होत्या. चर्चमागच्या घरात त्या एकट्या राहायच्या, एका गायीच्या दुधावर त्यांचं चालायचं. दावणीला नुसतं दावं होतं. बोलता बोलता सगळं उलगडत गेलं. लस टोचल्यावर वस्तीनं गोचीड काढणं सोडलं होतं. फवारणी बंद केली होती. आता कशाला, सुई दिलीय, असं सगळ्यांना वाटलं. ताप आला तेव्हाही लस दिलीय म्हणजे हा गोचीडताप नसणार, असं समजून दुसरेच उपचार झाले. खऱ्या रोगाचं इंजेक्शन वेळेत दिलं तर गाय वाचते. ते देईपर्यंत गायी आडव्या झाल्या होत्या. शेजारच्या गावानं लस घेतली नव्हती, म्हणून तिथल्या बायका रोज गोचीड वेचत होत्या. त्यांच्या गायी उभ्या होत्या.

मार्थामावशींनी सरांना विचारलं, “डाक्टर, येक इचारू का? तुमी सुई दिली नसती, तर माझी गाय मेली असती का?”

गोठ्याभोवती माणसं जमली होती. सरांनी ते दावं हातात घेतलं. मग म्हणाले, “बहुतेक नसती मेली, मावशी.”

हे वाक्य त्या दिवसातच तालुकाभर गेलं.

तिथून आम्ही अण्णांच्या घरी गेलो. अण्णा बाजेवर डोकं धरून बसले होते. सर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “अण्णा, त्या दिवशी काय काय केलंत ते मला सांगा. पहिल्यापासून.”

अण्णांनी सांगितलं. हातवारे करून, काही लपवायचं नसलेल्या माणसासारखं. “पठाराची वाट तुमाला म्हाईत हाय. जार गाडीवर बांधून वर आनला असता तर कलंडला असता. तुमीच म्हनलावता, कलंडू देऊ नका. म्हनून जार खाली दूध केंद्रावर ठिवला. सगळ्या कुप्या सकाळी तिथंच कोमट पान्यात वितळवल्या. आन् लगोलग थर्मासात, बर्फात. दुपारी पुन्ना बर्फ बदलला. शेवटची गाय टोचली तवा दिवस मावळतीला आलावता, पर बर्फ शाबूत, सर. हाताला झिणझिण्या येत हुत्या इतका. मार्थामावशीला इचारा.”

“मी सांगितलं होतं, वितळवली की लगेच टोचायची,” सर अगदी हळू म्हणाले.

“व्हय की. पर ती उघड्यावर असली तर. मी तर बर्फात ठिवलीवती.”

अण्णांनी खुंटीवरचा थर्मास काढून सरांच्या हातात दिला. तो रिकामा होता, कोरडा. सरांनी सवयीनं झाकण काढलं आणि मनगटापर्यंत हात आत घातला. हात बाहेर काढायला ते विसरले असावेत. तसेच बसून राहिले.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. चंद्रीची लस म्हणजे जिवंत पेशी. नायट्रोजनमध्ये ती झोपलेली असते. एकदा जागी केली की तासाभरात गायीच्या अंगात गेली पाहिजे, नाहीतर मरते. बर्फ तिला वाचवत नाही. वरच्या वस्तीवर सकाळी पहिल्या एकदोन गायींना सोडलं तर बाकी सगळ्यांना अण्णांनी उत्तम थंड केलेलं पाणी टोचलं होतं.

“सर,” अण्णांनी विचारलं, “माझं काय चुकलं का?”

सरांनी हात बाहेर काढला. “बर्फात काही कमी नव्हतं, अण्णा,” ते म्हणाले.

जीपमध्ये बसल्यावर मला राहवलं नाही. मी म्हणाले, “सर, म्हणजे लस चुकली नाही. लस मेलेली होती. खालच्या वस्तीत एकही गाय पडली नाही, याचा अर्थ चंद्री चालते.”

“तुम्हाला आनंद झालाय, बाई?”

घाट उतरून झाल्यावर ते पुन्हा बोलले. “हे आपल्या दोघांतच राहील. अण्णाला कळता कामा नये.”

त्या आठवड्यात संघात बैठक झाली. पठारावरून माणसं आली होती, बाहेर घोषणा चालल्या होत्या. चेअरमनसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि सरांना सरळ विचारलं, “डॉक्टर, खालच्या वस्तीत रिझल्ट आहे. वर नाही. फरक टोचणाऱ्याचा आहे, एवढं एक वाक्य तुम्ही लिहून द्या. त्या माणसाला मी काढतो, लोकांना भरपाई देतो आणि तुमचं काम पुढं चालू राहतं. नाहीतर मला हे बंद करावं लागेल. बोला.”

मी सरांच्या शेजारी बसले होते. टेबलाखाली त्यांचा हात खिशातल्या बाटलीवर होता.

“टोचण्यात चूक नाही,” सर म्हणाले. “खालच्या वस्तीत गोचीड कमी होते. लस कमी पडली.”

खाली गोचीड कमी नव्हते. मी स्वतः बघितले होते. सरांना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तेही गोचीडांबद्दल.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात एकदाच. मी म्हणाले, एक माणूस वाचवायला तुम्ही इतक्या गोठ्यांचं नुकसान केलंत. दर वर्षी पाऊस संपला की गायी मरणार, आणि ते थांबवायची गोष्ट आपल्या हातात आहे. अण्णांना दुसरीकडं काम मिळेल. गायींना दुसरी लस कुठनं मिळणार?

सर पायरीवर बसले. “त्याची स्वतःची गाय त्याच्या हातानं मेली, शेजाऱ्यांची मेली. हे कळल्यावर तो त्या वस्तीत राहू शकेल? त्याला बर्फ कुणी शिकवला, बाई? भर गावात लस मातीत कुणी ओतली? ‘लगेच टोचा’ हे मी एकदा सांगितलं. ‘बर्फ’ मी तीस वर्षं सांगितलं. त्यानं तीस वर्षांचं ऐकलं.”

“आणि बाकीच्या गायी?”

त्यांनी खिशातली बाटली काढून उजेडात धरली. मग म्हणाले, “त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.”

माझ्याकडंही नाही. पण मला तेव्हा वाटत होतं आणि अजूनही वाटतं, की सर चुकले. ज्यांनी मला घडवलं त्यांच्याबद्दल असं लिहिताना हात जड होतो. पण दर वर्षी काचपट्टीवर तेच जांभळे ठिपके दिसतात तेव्हा दुसरं काही मनात येत नाही.

प्रयोगशाळा बंद झाली म्हणजे आधी नायट्रोजन बंद झाला. सर आणखी दोन-तीन संस्थांकडं जाऊन आले, की या कुप्या तुमच्याकडं सांभाळा. पण लस कमी पडली हे त्यांनी बैठकीत स्वतःच सांगितलं होतं. नापास झालेलं कोण ठेवून घेणार? तालुक्यातली कृत्रिम रेतनाची पोरं सरांवर जीव टाकायची. ती आपापल्या जारमधून थोडा थोडा नायट्रोजन उसना ओतून जायची, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी. पण त्यांचीही नायट्रोजनची गाडी कधी वेळेवर येत नसे, आणि नायट्रोजन काही न वापरताही उडून जातो. सर रोज येऊन पट्टी बुडवायचे. दवाची रेघ खाली खाली येत गेली. बाटल्यांतली चंद्री आधीच गेली होती, तिला खाऊ घालायला काही उरलं नव्हतं. एक दिवस पट्टी कोरडी वर आली. सरांनी ती हवेत हलवली, वाट बघितली. मग नेहमीसारखी रुमालानं पुसून खुंटीला लावली.

“चंद्री गेली, बाई,” ते म्हणाले. “चहा सांगा.”

त्यानंतर मी तालुक्यातल्या एका खासगी लॅबमध्ये लागले. अण्णांची रोजंदारी दूध संघात चालूच राहिली. लोक त्यांना त्या लसीबद्दल विचारत, आणि अण्णा मनापासून सांगत, “सर लई मोठा मानूस. पर ती लस वाईट निघाली. मी डोळ्यानं बघितलंय ना. बर्फ शाबूत, सुई शाबूत, तरी गायी गेल्या.” वस्तीवर, बाजारात, लग्नात, सगळीकडं. त्यांच्यासारखा दुसरा साक्षीदार नव्हता, कारण ते खोटं बोलत नव्हते. पुढं दुसऱ्या कुणी गोचीडतापाच्या लसीचं नाव काढलं तरी पठारावरची माणसं अण्णांचा दाखला द्यायची. सरांच्या कानावर हे जायचं. ते फक्त विचारत, “अण्णा बरा आहे ना? गाय घेतली का पुन्हा?”

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. मुलगा परदेशात, त्याला पोचायला वेळ होता. देह गार ठेवणारी शवपेटी दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून देह बर्फावर ठेवायचा ठरला. मी दुपारी पोचले तर अंगणात भुशाच्या पोत्यात गुंडाळलेल्या लाद्या उतरत होत्या आणि अण्णा त्या फोडून घेत होते. आत सरांच्या बाजूनं त्यांनी बर्फ असा रचला होता की कुठंही फट नव्हती. खाली पाणी साचलं की निपटून घेत होते, नवा बर्फ लावत होते. कुणाला हात लावू देत नव्हते.

आलेल्या माणसांशी ते मधून मधून बोलत होते. “देवमानूस. माझ्या आयुष्याचं सोनं केलं. ती लस तेवढी वाईट निघाली, त्याला सरांचा काय इलाज?”

माणसं माना हलवत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. सरांची एक पापणी नीट मिटली नव्हती. अण्णांनी ती अंगठ्यानं मिटवली, आणि मी दिसले तशी मला हाक मारली.

“या ताई. हात घालून बघा. सकाळपास्नं एवढं ऊन हाय, पर बर्फ शाबूत हाय का न्हाई ते तुमीच सांगा. सर आसते तर त्यांनी बघितलं आसतं.”

मी सरांच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि मनगटापर्यंत हात आत घातला. हाताला झिणझिण्या आल्या.

“बर्फात काही कमी नाही, अण्णा,” मी म्हणाले.